एडिनबरातला मावसभाऊ

ऐका. पुन्हा सांगणार नाही. आणि मधे हसायचं नाही. हसायचं असेल तर शेवटी हसा. त्याची मला आता सवय झाली आहे.

मी फार बोलणारा माणूस नाही. मराठी सातवी शिकलो, या देशात आलो, पावाच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहिलो, तो पेन्शन घेऊनच बाहेर पडलो. कोणापुढे वाकलो नाही. कोणाचं ऐकून घेतलं नाही. असा हा माणूस एडिनबरासारख्या जुन्या, इभ्रतदार शहरात, भर किल्ल्यावर, जगभरच्या लोकांसमोर स्वतःची शोभा करून घेतो. कशी? तेच सांगतो आहे.

आधी श्रीधर कोण ते सांगतो. श्रीधर केळकर. लायब्ररीत कारकून होता. तो आणि मी लंडनच्या हॅरोत एका घरात राहतो; या किस्स्याच्या वेळीच तीस वर्षं झाली होती. भाडेकरू नाही, भागीदार नाही. आम्ही जोडपं आहोत. झालं! हे सांगायला मला आज एक वाक्य लागलं. तेव्हा काय काय लागलं, त्याचाच हा किस्सा आहे.

लोकांना आम्ही 'कझिन' म्हणून सांगायचो. या कामाला इंग्रजी भाषा फार सोयीची. कझिन म्हटलं की इंग्रज मान हलवतो आणि हवेबद्दल बोलायला लागतो. मराठी माणूस असा सोडतो का? म्हणून मराठी माणसांपासून मी लांब राहिलो आणि श्रीधरलाही लांब ठेवलं. मंडळाचा गणपती असो, दिवाळीचा फराळ असो, आमचं उत्तर ठरलेलं. जमणार नाही. श्रीधरला माणसं लागतात, गप्पा लागतात. मला काही लागत नाही. निदान मी तसं म्हणायचो.

श्रीधर रिटायर झाला तेव्हा म्हणाला, "एडिनबराला जाऊ. किल्ला बघू." गे प्रवाशांसाठीच्या कुठल्याशा मासिकात त्याने एक गेस्टहाउस शोधलं होतं. तिथे आपल्यासारख्यांना कोणी काही विचारत नाही म्हणे. मी म्हटलं, "बरं."

गाडीत बसल्यावर त्याने सँडविच काढलं, अर्धं मला दिलं आणि म्हणाला, "एक सांगतो. एडिनबरात मी तुझा भाऊ नाही."

"मग कोण?"

"जो आहे तो. कोणी विचारलं तर खरं सांगायचं. तू सांगायचंस. इतकी वर्षं खोटं तू सांगितलंस, आता खरंही तूच सांग. शब्द दे."

"दिला," मी म्हटलं. कोण विचारणार होतं?

गेस्टहाउसच्या दारावर इंद्रधनुष्याचा कागद चिकटवलेला होता. मालकीण मिसेस मॅक्रे, जाड आणि हसरी बाई. "एकच मोठा पलंग ना?" तिने विचारलं. मी तोंड उघडलं नाही. गालिच्याकडे बघत उभा राहिलो. श्रीधर "हो" म्हणाला आणि माझ्याकडे बघून इतका खूश झाला, जसं काही मी लढाई जिंकून आलो. मलाही वाटलं, जमतंय की!

दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही नाश्त्याला बसलो होतो. तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला, "अहो, हे काळं काय वाढलंय? वांगं आहे का?"

माझ्या हातातला चमचा थांबला. मराठी! इथे!

श्रीधर वळलासुद्धा. "वहिनी, ते खाऊ नका. डुकराच्या रक्ताचं असतं."

"अय्या! मराठी!" बाई ताट घेऊन थेट आमच्याच टेबलावर. मागोमाग त्यांचे यजमान, हातात टोस्ट. हे सरपोतदार. पुण्याचे. मुलगा लंडनजवळ रीडिंग गावात, कॉम्प्युटरमध्ये, त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मुलाला सुट्टी नाही, म्हणून त्याने दोघांना गाडीत बसवून दिलं होतं. सरपोतदार बोलत नाहीत. त्यांचं बोलणं बाईच करतात.

"छान आहे हो हे घर," बाई म्हणाल्या. "दारावर इंद्रधनुष्य काय, परडीत फुलं काय! हौशी बाई आहे. आणि मित्रमित्र किती येतात इथे फिरायला! आमच्या ह्यांना एक मित्र नाही. बरं, तुम्ही कुठले?"

"मी राजापूरकडचा. श्रीधर केळकर."

"आणि हे?"

श्रीधरने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. शांतपणे बघितलं. हीच ती वेळ, हे मला कळलं. मी घसा साफ केला. पाठ ताठ केली. आणि तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलं, "कझिन."

श्रीधरने डोळे मिटले.

"कझिन म्हणजे?" बाई म्हणाल्या. "चुलत, मामे, आते की मावस?"

बघा! हे असं असतं! इंग्रजाने असं विचारलं असतं का? जे पहिलं सुचलं ते म्हटलं, "मावस."

"आडनाव?"

"जाधव. साताऱ्याकडचा."

बाईंचा हात हवेतच राहिला. जाधव. केळकर. मावसभाऊ. त्या मनातल्या मनात जुळवत होत्या ते मला दिसत होतं. जुळत नव्हतं, तेही दिसत होतं.

"म्हणजे तुमच्या आया सख्ख्या बहिणी?"

"हो."

"आणि त्यातली एक केळकरांकडे दिली? त्या काळात?"

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण मी खोटं पडू देणारा माणूस नाही. "दिली नाही," मी म्हटलं. "पळून गेली."

श्रीधरच्या घशात चहा गेला. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "कशी हो?"

"बैलगाडीतून."

"बैलगाडीतून पळून? अहो, मागचे लोक चालत निघाले असते तरी त्यांनी गाठलं असतं!"

"चाललेच नाहीत."

"आणि केळकर साताऱ्याकडे आले कसे?"

"सत्यनारायण सांगायला."

"आणि मुलगी घेऊन गेले?"

"प्रसादसुद्धा," सरपोतदार म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे एकमेव वाक्य. टोस्ट परत तोंडात गेला.

"काय धीराची बाई!" सरपोतदारबाईंचे डोळे पाणावले. "घाट उतरून गेली असेल हो बिचारी. केळकर, तुमच्या आईला माझा नमस्कार."

खोलीत आल्यावर श्रीधर पलंगाच्या कडेवर बसला. ओरडला नाही. तो ओरडत नाही, हीच पंचाईत आहे.

"माझी आई," तो म्हणाला. "चातुर्मास पाळणारी. लोणचं सोवळ्यात घालणारी. तिला तू बैलगाडीत घालून पळवलीस?"

"तोंडातून गेलं."

"शब्द दिला होतास, गणपत."

"दिला होता."

"ठीक आहे." तो उठला, मफलर गुंडाळला. "भाऊ तर भाऊ. मावसभावांत मोठा तू. आजपासून तू दादा."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. कसचं काय!

सरपोतदारबाई खालीच वाट बघत होत्या. चौघं मिळून फिरायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. किल्ल्यापासून खाली उतरणारा तो जुना दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना काळ्या उंच इमारती, आणि वारा असा की बोललेला शब्द पुढच्या चौकात सापडावा. त्या वाऱ्यातही मला एकच शब्द ऐकू येत होता.

"दादा, उजवीकडे जायचं का?"

"दादा, टोपी नीट घाल."

"दादाला विचारा, वहिनी. दादा म्हणेल तसं."

"किती मान देतात हो तुम्हाला!" बाई मला म्हणाल्या. "नाहीतर आमचे दीर! बरं, जाधव, एक विचारू? केळकरांचं लग्न?"

"नाही झालं."

"का?"

"जमलं नाही."

"दादाने जमू दिलं नाही," श्रीधर म्हणाला. खरंच होतं.

बाईंनी माझा कोट धरला आणि मला बाजूला घेतलं. एका चर्चच्या पायरीवर उभं करून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरात मोठे तुम्हीच, म्हणून तुमच्याजवळ बोलते. माझी नणंद आहे, नलू. ह्यांची सख्खी बहीण. तुमच्या हॅरोतच असते. शाळेत नोकरी होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. या वयात माणसाला सोबत लागते हो. केळकर मला फार आवडले. तुम्ही हो म्हणा."

माझ्याच माणसाचं स्थळ माझ्याकडेच! आणि मागणी मलाच! असा प्रसंग तुमच्यावर आला आहे का? मग हसू नका.

"तो घोरतो," मी म्हटलं.

"नलूला कमी ऐकू येतं."

"त्याला डायबेटिस आहे."

"तिलाही आहे. एकच स्वयंपाक!"

"तो हट्टी आहे. खिडकी उघडी टाकून झोपतो. आमटीत गूळ घालतो."

"तुम्हाला बरीच माहिती आहे हो भावाची," बाई म्हणाल्या. कौतुकाने म्हणाल्या. "अहो, आमच्याकडे सगळेच घालतात गूळ. केळकर! इकडे या. तुमचं काय म्हणणं?"

श्रीधरने हात जोडले. "मी काय सांगू, वहिनी? दादाने हो म्हटलं की माझं हो."

बाईंनी तिथल्या तिथे मोबाइल काढला. "नलू? अगं, बसलीस का? बस."

संध्याकाळी सरपोतदार मंडळी पाय शेकायला खोलीत गेली तेव्हा श्रीधर आणि मी बागेतल्या बाकावर बसलो. वर खडकावर तो किल्ला. किल्ला चांगला आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांइतका उंच नाही, पण दुरुस्ती वेळेवर केलेली आहे.

"नलूताई सोमवारी आपल्याकडे चहाला येतात," श्रीधर म्हणाला. "मी हो म्हटलं."

"गंमत पुरे आता."

"गंमत नाही. कोणीतरी मराठी माणूस घरी येईल. तासभर बोलेल."

"मी बोलतो ना मराठी."

"तू? तू 'बरं' म्हणतोस." त्याने मफलर घट्ट केला. मग म्हणाला, "मला तुझ्यावर ओरडायचं नाही. मी थकलो आहे, एवढंच. उद्या त्या दोघांना तू खरं सांग. सांगितलंस तर झालं गेलं सोडून देऊ. नाही सांगितलंस, तर घरी गेल्यावर मी खालच्या खोलीत झोपेन. भाऊ झोपतात तसा. कायमचा."

"बरं," मी म्हटलं.

"बघ," तो म्हणाला. "बरं."

त्या रात्री त्याने खिडकी बंद करून घेतली. मला वारा लागतो म्हणून मी तीस वर्षं भांडलो होतो. आज त्याने न सांगता बंद केली आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

रविवारी आम्ही किल्ल्यावर गेलो. सरपोतदारबाई पुढे, सरपोतदार त्यांची पर्स धरून मागे. मी सकाळपासून सांगायला तोंड उघडत होतो आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बाहेर येत होतं. "दगड चांगला आहे." "ऊन पडलं." "इथे लोखंडी कठडा पाहिजे होता." श्रीधर प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचा आणि मग पुढे चालू लागायचा. अंतर वाढत होतं.

असे आम्ही तटावरच्या तोफेपाशी पोचलो. ही तोफ दुपारी एक वाजता उडवतात. आदल्या दिवशी आम्ही खाली रस्त्यात असताना ती उडाली होती. सरपोतदारबाईंचं वाक्य अर्ध्यात तुटलं होतं, यावरून आवाजाची कल्पना करा. आता तोफेभोवती बरेच लोक उभे होते, कॅमेरे घेऊन. मी घड्याळ बघितलं. एक वाजायला आलेला.

आणि मला युक्ती सुचली.

शब्द काय दिला होता? सांगायचं. त्यांना ऐकू गेलं पाहिजे असं कुठे ठरलं होतं? तोफ उडते त्याच क्षणी सांगून टाकायचं. जोरात, पूर्ण, एकही शब्द न गिळता. श्रीधर माझे ओठ बघेल. बाईंना फक्त धडाम ऐकू येईल. शब्दही राहिला आणि इभ्रतही राहिली! सातवी शिकलेल्या माणसाला याहून चांगली युक्ती सुचली असती का, सांगा!

मी श्रीधरला जवळ बोलावलं. बाईंसमोर उभा राहिलो. हात मागे बांधले. डोळे घड्याळावर. काटा जवळ आला, आणखी जवळ आला. मी छाती भरून श्वास घेतला. तोफेच्या वर आवाज न्यायचा नव्हता, पण मी अर्धवट काम करत नाही.

एक वाजला.

"सरपोतदारबाई!" मी ओरडलो. "हा श्रीधर माझा भाऊ नाही! मावस नाही, आते नाही, कुठलाच नाही! आम्ही जोडपं आहोत! तीस वर्षं एका पलंगावर झोपतो! आणि तुमच्या नलूला मी हा माणूस देणार नाही!"

धडाम नाही.

काहीच नाही. एक पांढरा पक्षी तटावर बसला होता, तो तेवढा उडाला.

सगळा किल्ला माझ्याकडे बघत होता. मग मागे कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. आणि सगळ्यांनीच वाजवल्या! फोटोसुद्धा काढले. त्या लोकांना वाटलं, या दिवशी तोफेच्या जागी हा म्हातारा ओरडतो.

गणवेशातला एक रखवालदार आला आणि अदबीने म्हणाला, "सर, रविवारी तोफ नसते."

कशाला असेल? एवढं जुनं राज्य, एवढी मोठी तोफ, आणि तिला रविवारची सुट्टी!

श्रीधरला उभं राहवेना. तो तटाच्या दगडावर बसला. तोंडावर मफलर धरला होता आणि खांदे हलत होते. मी घाबरलो. वाकून बघितलं, तर हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. माझा हात त्याने धरला. तसाच, सगळ्यांसमोर. मी काढून घेतला नाही.

राहिल्या बाई. आता काय बोलतात? मी मान ताठ ठेवली. जे बोलतील ते ऐकून घ्यायचं आणि पुढच्या गाडीने निघायचं, एवढं मनात ठरवलं.

सरपोतदारांकडे त्यांनी बघितलं. सरपोतदारांनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. मग बाई खुर्चीवर बसावं तशा तोफेच्या चाकाला टेकल्या आणि अगदी पडलेल्या आवाजात म्हणाल्या,

"म्हणजे मावशी पळून गेलीच नाही?"

"नाही."

"बैलगाडी?"

"नव्हती."

"अरेरे!" बाई म्हणाल्या. "काल सगळ्यांना फोन करून सांगितली हो मी ती गोष्ट. आणि नलूला आता काय सांगू? ती साडी काढून बसली असेल." मग एकदम श्रीधरवर, "आणि तुम्ही हो? हो म्हणालात ते?"

"दादा म्हणेल तसं, असं म्हटलं होतं, वहिनी."

"चावट आहात," बाई म्हणाल्या. "पण सोमवारी नलू येणारच. चहाला बोलावलंय, ते काही मी मोडणार नाही. खरं ते मी सांगते तिला. तुमच्या ह्यांना सांगायला लावू नका, हॅरोतल्या खिडक्या फुटतील."

श्रीधरने "या, जरूर या म्हणावं" असं म्हटलं. त्याचा चेहरा असा झाला होता, की मी दुसरीकडे बघितलं.

वाटलं, सुटलो. पण बाई अजून माझ्याकडे बघत होत्या. टोपीपासून बघायला सुरुवात केली. कोट बघितला. मिशा बघितल्या. बुटांपर्यंत गेल्या आणि परत वर आल्या. मुलगी द्यायला आलेला बापसुद्धा असं बघत नाही. मग त्या श्रीधरकडे वळल्या आणि खऱ्या काळजीने विचारलं,

"केळकर, रागावू नका हां. पण तुम्ही यांच्यात पाहिलंत तरी काय?"

श्रीधर विचारात पडला. त्याने माझ्याकडे बघितलं. खाली पसरलेल्या शहराकडे बघितलं. समुद्राकडे बघितलं. सरपोतदारांनी त्याला खिशातली गोळी दिली, ती चघळत पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"सांगतो," तो म्हणाला. "जरा वेळ द्या."

याला बरीच वर्षं झाली. नलूताई दर सोमवारी चहाला येतात, आणि आल्या की पहिलं तेच विचारतात. श्रीधर म्हणतो, विचार चालू आहे.

मी विचारत नाही.